चपलांची रांग

आमच्या अंबडकडच्या सरकारी दवाखान्यात मी केसपेपर लिहितो. इथं नंबर लावायचा म्हणजे ओट्यावर चपला रांगेत काढायच्या आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. डॉक्टर मॅडम माणसांना चपलांवरून ओळखायच्या.

"मावशी, उजव्या चपलेचा पट्टा ढिला केलाय. पाय सुजला ना?"

"बराबर वळखलं, बाई!"

अकराला ओट्यावर ऊन यायचं. मग मॅडम स्वतः उठून, रांग न मोडता, एकेक जोड सावलीत सरकवायच्या. मी धावलो की म्हणायच्या, "राहू द्या, तुम्ही नंबर चुकवाल."

जालन्यात त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. आठवड्यातून दोन दुपारी लवकर सोडा, बदल्यात रविवारी येते, असा त्यांचा अर्ज मीच टाइप केला होता. उत्तर आलं, भत्ता वाढवून देऊ, वेळेत सवलत मिळणार नाही. कागदाची घडी घालत त्या एवढंच म्हणाल्या, "मी पैसे कुठं मागितले होते?"

शनिवारी त्या नोकरी सोडून गेल्या. निरोप घेणं त्यांना जमलं नाही.

सोमवारी चपलांची रांग नेहमीसारखीच लागली. डॉक्टर नाहीत, हे सांगायला माझं तोंड उघडेना. अकराला ऊन आलं. मी उठलो आणि चपला सावलीत सरकवल्या. व्हायचं तेच झालं, नंबर चुकले.

नंबरासाठी एरवी हातघाईवर येणारी मावशी लिंबाखालून नुसती बघत राहिली होती. मग हळूच म्हणाली, "बाई गेल्या का रं?"