चुडामणनानाने पसंत केलेली गाडी

फैजपूरच्या बाजारपेठेत माझं किराण्याचं दुकान. समोर मोठा कडुनिंब आहे, आणि त्या निंबाखाली फळविक्री सोसायटीची गाडी उभी राहायची. त्यामुळे गाडीचा धूर, गाडीचा आवाज आणि गाडीचा ड्रायव्हर या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मी जन्मभर कुरकुर केली. तिसरीबद्दल आज लिहायला बसलोय.

चुडामण मूळचा धुळ्याकडचा. आमच्याकडे येऊन राहिला, घर बांधलं, पण बोली काही सोडली नाही. त्याने 'आहे'ला 'शे' म्हटलं की इकडची माणसं हसायची, आणि मग तो मुद्दाम आणखी दोनदा म्हणायचा. उंच, काटकुळा, डाव्या पायाने जरासा लंगडणारा. सगळं गाव त्याला नाना म्हणायचं. मी बरोबरीचा, म्हणून मी नुसतं चुडामण म्हणायचो. बिडी नाही, तंबाखू नाही, व्यसन काय ते गुळाचं. दुकानात येऊन ढेपेकडे बघत उभा राहायचा. मागायचा मात्र कधी नाही. शेवटी मीच वैतागून खडा काढून हातावर ठेवायचो, आणि तो 'कसाले, कसाले', म्हणजे 'कशाला, कशाला', म्हणत तोंडात टाकायचा.

सोसायटीची गाडी म्हणजे लष्कराने दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात काढलेला एक बसक्या तोंडाचा ट्रक. मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक, पण ते पुरुषाच्या छातीइतकं उंच. मागे हुकाला अडकवलेला दोन चाकी ट्रेलर. मळ्यात कापलेले केळीचे घड वाळल्या पत्तीवर उभे रचायचे आणि ट्रेलर भरून सावद्याच्या स्टेशनावर वॅगनला लावायचे, हे चुडामणचं काम. आता आमचे मळ्याचे रस्ते ज्याने पाहिले नाहीत त्याला यातली गंमत कळणार नाही. रस्ता कसला, बैलगाड्यांनी काळ्या मातीत पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. त्यात वरून पाटाचं पाणी. पण त्या गाडीचं एकेक चाक चाकोरीत असं बसायचं, की चुडामण कधी कधी सुकाणू सोडून डोक्याचा रुमाल नीट करायचा. दुसऱ्या कोणाची गाडी जिथे रुतून बसायची तिथून हा भरलेला ट्रेलर घेऊन गाणं म्हणत बाहेर यायचा. गाणं वाईट म्हणायचा, पण ते जाऊ द्या.

या गाडीनेच त्याचा पायही मोडला होता. सावद्याच्या सडकेवर मागचं एक चाक फुटलं. त्या बाजूला धरून ठेवायला दुसरं काही नव्हतंच. गाडी खाली बसली, मागून भरलेल्या ट्रेलरने धक्का दिला आणि सगळं सडकेकडेच्या चारीत गेलं. चुडामण तीन महिने खाटेवर होता. बरा झाला आणि पुन्हा तीच गाडी चालवायला लागला. गाडीबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. उलट घरी, दारी, माझ्या ओट्यावर, जिथे बसेल तिथे तिचं कौतुक. त्याची बायको भिकुबाई म्हणायची, ही माझी सवत निंबाखाली राहते.

सदुसष्ट साली ती सवत म्हातारी झाली. सुटे भाग मिळेनात. सोसायटीने दुसरी गाडी घ्यायचं ठरवलं, आणि त्याच सुमारास चुडामणचा मुलगा पुना याला गाडीवर घ्यायचंही ठरलं. पुना बावीस-तेवीसचा, बापासारखाच उंच, लग्न ठरत आलेलं. बापाच्याच हाताखाली त्याच जुन्या गाडीवर शिकलेला. चुडामणला आता क्लच दाबताना पाय दुखायचा. तेव्हा नवी गाडी पुना चालवणार, हे उघड होतं.

सोसायटीची खोली गळकी, म्हणून बैठक माझ्या दुकानाच्या ओट्यावर भरली. गुळाचा चहा अर्थातच माझा. दोन गाड्या डोळ्यांसमोर होत्या. एक तसलीच लिलावातली, सिंगल चाकाची, पण बऱ्या अवस्थेतली. दुसरी नवी, मागे प्रत्येक बाजूला जोडचाक. सोसायटीच्या पंचांनी सरळ सांगितलं, आम्हाला यातलं काही कळत नाही, नाना म्हणतील ती घेऊ. गावात गाड्यांमधलं जे काही कळायचं ते एका चुडामणला, अशी सगळ्यांची खात्री होती. माझीही होती.

मळेवाल्यांना सिंगल चाकाची हवी होती. त्यांच्यातले वना चौधरी उठून म्हणाले, "नाना, जोडचाक चाकोरीत बसंन का? एक चाक आत जाईन अन् एक वर लटकंन. मळ्यात गाडी येईन कशी?"

चुडामणने लंगडा पाय समोर पसरला. मला वाटलं, हा आता जुन्या गाडीचं पुराण लावणार. पण तो म्हणाला, "वनाभाऊ, तुम्हनं खरं शे. वावरमा सिंगलच चांगली. मी कोठे नही म्हनस? पन सिंगलनं चाक फुटनं का बठ्ठं खाले. जोडचाकनं एक फुटनं तरी दुसरं धरी ठेवस. सडकवर आते मना पोऱ्या ऱ्हाई."

माणसाने आपला मोडका पाय समोर पसरून ठेवलेला. वना चौधरी खाली बसले. मळ्यातून सडकेपर्यंत माल आपण बैलगाडीने आणू, असं त्यांनीच सुचवलं. जोडचाकाची गाडी घ्यायची ठरली. चुडामणने आमच्याकडे आयुष्यात एकदाच काही मागितलं ते हे, आणि आम्ही ते दिलं.

त्या दिवशी तो घरी गेला तो गप्प. जुनी गाडी भंगारात जाणार याचं त्याला लागलं होतं. भिकुबाईने तोंड पाहिलं आणि काय ते समजली, म्हणजे उलटंच समजली. पंचांनी याचं ऐकलं नाही, असं तिला वाटलं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्या घरात बोलणं कमीच असायचं.

नवी गाडी आली. नारळ फुटला, पुनाच्या कपाळाला गंध लागलं. चुडामणने त्याला आठ दिवस शेजारी बसून फिरवलं, आणि आपल्याला जे जे येत होतं ते ते सांगितलं. उतारावर ट्रेलर कसा ढकलतो, मागे घेताना सुकाणू कसं उलटं फिरवायचं, गाडी थांबली की खाली उतरून पूर्ण चक्कर मारायची आणि प्रत्येक चाक बघायचं. चाकाचं पोट सुटलेलं दिसलं तर पुढे जायचं नाही. हे शेवटचं त्याने इतक्या वेळा सांगितलं, की पुना हसून म्हणायचा, नाना, मी झोपेतही चक्कर मारतो.

वर्षभर सगळं ठीक चाललं. मळेवाले कुरकुरत बैलगाड्या जुंपत होते. गाडी सडकेवरून जाताना मात्र बघायला छान वाटायची. चुडामण निंबाखाली बसून ती येताना बघायचा. तेवढ्या वेळात तो गुळाच्या ढेपेकडेही बघायचा नाही.

एकदा वॅगनच मिळाल्या नाहीत. कापलेला माल थांबत नाही, तो आपल्या वेळेला पिकतोच. धुळ्याचा व्यापारी माल घ्यायला तयार झाला, म्हणून ट्रेलर जोडून गाडी सडकेने धुळ्याला निघाली. पुना चालवायला, आणि घडांवर बसलेला हमाल निंबा. दुपारी तारेने निरोप आला की पारोळ्याच्या पुढे नाल्याकडच्या उतारावर गाडी उलटली. चुडामणबरोबर मी धुळ्याच्या इस्पितळात गेलो. पुनाने इस्पितळाच्या वाटेतच प्राण सोडला होता.

हमाल निंबाच्या हाताला फळ्या बांधलेल्या होत्या. तो इस्पितळाच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. पारोळ्याला चहाला थांबलो. पुनाभाऊ खाली उतरला. सगळ्या गाडीला चक्कर मारली, एकेका चाकापुढे वाकून पाहिलं. सगळी चाकं ताठ होती, मीपण पाहिली. मग निघालो. उतारावर मोठा आवाज झाला, गाडी एका अंगाला बसली आणि मागून ट्रेलर आला.

चुडामण म्हणाला, "एक फुटनं. पन दुसरं व्हतं ना?"

निंबाला काय माहीत? कागदपत्रांसाठी गाडी बघायची होती, म्हणून आम्ही धुळ्याच्याच देवपुरातल्या एका मिस्त्रीच्या आवारात गेलो. गाडी तिथे ओढून आणली होती. मिस्त्री वयस्क, सभ्य माणूस. त्याने चुडामणला बसायला खोकं दिलं आणि हळूच सांगितलं, जोडचाकातलं आतलं चाक हवा जाऊन फार आधीच बसलेलं होतं. त्याच्या कडा जळून गेल्यात. बाहेरचं चाक एकटं सगळं ओझं ओढत होतं, ते तापत गेलं आणि उतारावर फुटलं.

"पोऱ्याने चक्कर मारी व्हती," चुडामण म्हणाला. "चाक देखं व्हतं."

"बघून नाही कळत, बाबा," मिस्त्री म्हणाला. "आतलं बसलं तरी बाहेरचं त्याला उचलून धरतं. दिसायला दोन्ही ताठ. म्हणून तर गाडी थांबली की टॉमीच्या लोखंडी दांड्याने दोन्ही चाकं ठोकून बघतात. आवाजावरून समजतं."

चुडामणला समजलं नाही. मिस्त्रीने लोखंडी टॉमी उचलली आणि पलीकडच्या बाजूच्या चाकावर मारली. टणक आवाज आला. मग आवारातल्या दुसऱ्या एका बसलेल्या चाकावर मारली. भद्द. "मुंबई-आग्रा रोडवरचे सगळे ड्रायव्हर ठोकतात," तो म्हणाला. "तुमच्या मुलाला शिकवणाऱ्याने सांगितलं नाही का?"

त्या मिस्त्रीचा मला आजही राग येतो, आणि त्या बिचाऱ्याची काहीही चूक नव्हती. समोर कोण बसलंय हे त्याला कसं माहीत असणार? चुडामणने आयुष्यभर एकच गाडी चालवली होती. तिला एका बाजूला एकच चाक. ते बसलं की दिसायचं, ठोकायची गरजच नव्हती. त्याला ठाऊक होतं ते सगळं त्याने मुलाला दिलं, आणि पुनाने ते सगळं पाळलं. आम्ही अख्ख्या गावाने ज्याला गाड्यांमधला जाणता ठरवलं, त्याला एका गाडीपलीकडे काही माहीत असायचं कारण नव्हतं. हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. त्यालाही नाही.

चुडामण खोक्यावरून उठला आणि आवाराबाहेर चालायला लागला.

पुनाचे दिवस झाले आणि भिकुबाई माझ्या ओट्यावर आली. पंच बसले होते. ती उभीच राहिली आणि नवऱ्याकडे हात करून सगळ्यांना बोलली. "यासले इचारं असतं ते यासनी जुनीच गाडी सांगी असती. जन्मभर त्या गाडीनं नाव लेत ऱ्हायनात. तुम्ही कोनी इचारं नही. तुम्हले नवी गाडी मिरवानी व्हती." मग तिने आम्हाला शिव्या दिल्या, आमच्या लेकराबाळांना दिल्या. वना चौधरी मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी तर सिंगल चाकाचीच मागितली होती. त्यांनी तोंड उघडलं नाही, कोणीच उघडलं नाही. आम्ही काही थोर माणसं नव्हतो, पंचांपैकी दोघे तर एरवी शब्दाला शब्द देणारे. पण तिला खरं सांगायचं म्हणजे तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवायचं. ते कोण करणार? चुडामण निंबाखाली बसून हे सगळं ऐकत होता.

पुढे हे चालूच राहिलं. ती येता-जाता ओट्याकडे बघून थुंकायची. माझ्या दुकानातून मीठसुद्धा नेणं तिने सोडलं. मला तिचा राग येत नव्हता. चुडामणचा मात्र यायचा. एकदा मी त्याला म्हटलंही, अरे, आम्ही किती दिवस या शिव्या खायच्या? तो म्हणाला, सांगतो.

आणि त्याने सांगितलं. मी त्या दिवशी त्याच्या घरी गेलो होतो. भिकुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती, मी आलेला पाहून तिने तोंड फिरवलं. चुडामण माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, "या लोकेसना दोष नही. जोडचाकनी गाडी मीच सांगेल व्हती. पोऱ्यासाठे सांगेल व्हती. अन् चाक ठोकी देखनं पडस, ते माले माहीतच नव्हतं."

तिचे हात थांबले नाहीत. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग त्याच्याकडे न बघता, कितीतरी महिन्यांनी मऊ आवाजात बोलली.

"ऱ्हाऊ द्या. त्या लोकेसनं पाप तुम्ही कसाले डोकावर लेतस? तुम्हना सभाव माले माहीत नही का?"

चुडामणने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, वहिनी, तो खरं सांगतोय. ती म्हणाली, तुम्ही तर बोलूच नका शेठ, तुमच्या ओट्यावरच ठरलं सगळं. चुडामणने पुन्हा तोंड उघडलं. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. भाकरीवर तेल-मीठ घातलं, बाजूला गुळाचा खडा ठेवला, आणि तो खाईपर्यंत त्याला वारा घालत बसली.