गोल अक्षर

माजी विद्यार्थी कक्षात त्यांना सगळे पत्रवाल्या बाई म्हणत. कुलगुरू आले आणि गेले, बाई आपल्या टेबलाला चिकटून होत्या. काम एकच: देणगीतून ज्या मुलांची फी भरली जाते, त्यांच्याकडून वर्षातून दोनदा देणगीदाराला आभाराचं पत्र लिहून घ्यायचं. पत्र नाही तर पुढचा हप्ता नाही, असा नियमच होता. मुलं टंगळमंगळ करत. मग बाई कान उपटत, शेजारी बसवून लिहून घेत, आणि परीक्षेत अडकलेल्या एखाद्याचं पत्र सरळ स्वतःच लिहून टाकत. मुलांची अक्षरं त्यांच्या हातात बसली होती, आणि याचा त्यांना चांगलाच तोरा होता.

एका शिष्यवृत्तीचे देणगीदार निवृत्त मास्तर होते, इथलेच जुने विद्यार्थी. त्यांची एकुलती मुलगी दुसऱ्या गावी कॉलेजात असताना गेली. मास्तरांनी घर विकून तिच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली. ती जिला मिळाली, ती मुलगी गोल, मोठ्या अक्षरात पानंच्या पानं लिहायची. मेसमधली मांजर, प्रयोगशाळेतला वास, काय वाट्टेल ते. मास्तर प्रत्येक पत्राला उत्तर देत.

दुसऱ्या वर्षी ही मुलगी तापानं चार दिवसांत गेली. काका येऊन तिची ट्रंक घेऊन गेले. पत्राची तारीख आठवड्यावर आली होती. मास्तरांना कळवायला बाईंनी कागद ओढला, पण म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा तेच सांगायला हात धजेना. या खेपेपुरतं म्हणून त्यांनी गोल अक्षरात मांजरीला पिल्लं झाल्याचं लिहिलं. कक्षाच्या साहेबांनी कानाडोळा केला आणि पैसे दुसऱ्या गरजू मुलीच्या फीकडे वळवले. एका खेपेच्या चार खेपा झाल्या.

आणि पदवीदानाच्या आदल्या दिवशी मास्तर न कळवता दारात उभे राहिले. काखेत आपल्या मुलीचा जुना शब्दकोश होता, पत्रं लिहिणाऱ्या मुलीला द्यायला आणलेला. साहेब बैठकीचं निमित्त काढून सटकले. बाईंनी दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मांजरीची पिल्लं?" त्यांनी विचारलं.

"ते मीच लिहिलं."

त्यांनी शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझी गेली तेव्हा तिच्या कॉलेजातून कुणी दोन ओळी लिहील म्हणून मी वर्षभर पोस्टमनची वाट बघितली. हिच्या आईवडिलांना तुम्ही लिहिलंत?"

मेलेल्या मुलीच्या नावानं चार पत्रं गेली होती, तिच्या घरी एक ओळही नाही. तिचे आईवडील काही देणगीदार नव्हते.

मास्तर शब्दकोश घेऊन निघून गेले. बाईंनी फाइलमधून घरचा पत्ता काढला, कोरा कागद घेतला, पहिली ओळ लिहिली आणि थांबल्या. अक्षर गोल होतं, मोठं होतं. त्या घरात पाकीट बघताच ते ओळखलं गेलं असतं. बाईंनी कागद फाडून दुसरा घेतला. त्यावरही तेच उतरलं. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा टेबलाखाली कागदांचे बोळे पडले होते, आणि बाई आपलं स्वतःचं अक्षर कसं होतं ते आठवत बसल्या होत्या.