उकंडरावांचा ओळंबा

उकंडरावांनी आधी तीस वर्षं गवंडीकाम केलं, मग पंधरा वर्षं लोकांना बोअरची जागा दाखवली. दोन्ही कामांना हत्यार एकच, दोरीला बांधलेला पितळी ओळंबा. हातात धरून शेतातून चालायचं, तो गोल फिरू लागला की तिथं पाणी. धामणगाव बढ्याच्या आसपास त्यांच्या शब्दाला मान होता आणि तो त्यांना आवडायचाही, उगाच कशाला लपवा!

फसले ते नेमके पोटच्या पोरीच्या शेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दाखवलेल्या जागेवर छायाची बोअर कोरडी गेली. उकंडराव ठासून म्हणाले, ओळंबा चुकत नसतो. मग चुकलं कोण? छायाच्या सासूनं, केसरबाईनं, निकाल लावून टाकला: सुनेचा पायगुण. तेव्हापासून पोर त्या घरात मान खाली घालून वावरत होती. आता सोमवारी दुसऱ्या बोअरची मशीन येणार होती, जागा पुन्हा तेच दाखवणार होते, आणि शनिवारी उकंडराव न्हाणीत घसरले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये.

डावा हात कामाचा आहे का, हे पाहायला ते घरामागच्या चालू बोअरवर गेले. हात थरथरायला लागला, म्हणून त्यांनी बायकोच्या मदतीनं तीन बल्ल्यांची तिकटी उभारून ओळंबा तिला टांगला. खाली भरपूर पाणी, पण ओळंबा ढिम्म.

आता या माणसाला खोड अशी, की एकदा प्रश्न पडला की जेवण गोड लागत नाही. त्यांनी ओळंब्याला बोटानं ढकललं. झोके लहान होत गेले, पण घड्याळ लावून मोजलं तर एका झोक्याला वेळ तेवढाच. सोबत दगड बांधून वजन वाढवलं, तरी फरक नाही. दोरी आखूड केली तेव्हा मात्र तो लगबगीनं हलू लागला. शेवटी थांबला तो थांबलाच. मग डाव्या हातात धरला, तर लगेच फिरायला लागला!

"अवो, माहे डोळे बांध," ते बायकोला म्हणाले.

"काऊन? याड लागलं का?" म्हणत सत्यभामाबाईंनी रुमाल बांधला आणि त्यांना अंगणभर फिरवलं. ओळंबा फिरला तो उकिरड्यावर. बोअरवर आले तेव्हा हललासुद्धा नाही.

उकंडरावांनी रुमाल काढला. झोक्याला वेळेवर नुसतं बोट लावलं तरी झोका चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाणी आहे असं मनात आलं की त्यांचा हात त्यांच्याही नकळत तेवढाच धक्का देत होता. लागलेल्या बोअरी मग कशानं लागल्या? उंबर, वारुळं, जमिनीचा उतार या पाण्याच्या खुणा डोळे आधीच हेरून ठेवत असावेत. नाहीतर नशीब. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

सोमवारी छायाच्या शेतात मशीन उभी होती, माणसं जमली होती. उकंडराव रिकाम्या हातानं आले आणि थेट केसरबाईसमोर उभे राहिले.

"ईहीनबाई, ओळंब्याले पाण्याचं काहीच समजत नाही. मीच त्याले हलवत होतो, अन् मलेच मालूम नव्हतं. पहिली जागा मी चुकलो. पोरीच्या पायाचा काही दोष नाही. आता इथं मशीन लावू नका, आधी जमिनीची तपासणी करणारा जाणकार माणूस बोलवा."

छायाचे डोळे भरून आले होते.

"बाबा," ती म्हणाली, "हे दोन वर्षांआधी काऊन नाही पाहून घेतलं?"

उकंडराव वळले आणि मशीनवाल्याला परत जायला सांगू लागले.