कापड्याच्या मैनेची लाळ

मे महिन्यातला शनिवार. हजर: मी (घोड्यांची डॉक्टर), माझी सहकारी वृंदा, गाडी चालवणारे शिंदेकाका, आणि मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला बर्फाचा डबा. पहाटे पुणे सोडलं, वरंधा घाट उतरलो आणि ऊन तापायच्या आत महाडला पोचलो.

काम आधी सांगते. घोड्याच्या जठरात व्रण (अल्सर) झालाय का, हे खात्रीने बघायचं तर नाकातून लांब दुर्बीण पोटापर्यंत घालावी लागते. त्यासाठी जनावराला रात्रभर उपाशी ठेवावं लागतं, आणि उपासानेच हे दुखणं वाढतं. म्हणून लाळेतल्या काही प्रथिनांवरून व्रण ओळखता येतो का, हे आमची प्रयोगशाळा तपासते आहे. अजून पक्कं काही नाही. आम्ही लाळ गोळा करतो, इतकंच.

महाडला वरातीचे दोन घोडे होते. पहिला शहाण्यासारखा उभा राहिला. चिमट्यातला स्पंज गालात धरला, भिजला की नळीत पिळला, झालं. दुसऱ्याने स्पंज चिमट्यासकट ओढला आणि वृंदाच्या बाहीवर शिंकला. त्याचीही लाळ मिळाली, पण तोवर डब्यातला बर्फ वितळत आला होता. बाजारात मासळीवाल्या मावशींकडे बर्फ मागितला.

"कशाला हवाय गो?"

"घोड्याची लाळ ठेवायला."

त्यांनी माझ्याकडे आणि मग वृंदाच्या बाहीकडे पाहिलं. "घे बाय, घे. फक्त माझ्या सुरमईला हात लावू नको."

पोलादपूरला तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) खाल्लं आणि महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. डोंगर वाळून तांबूस झालेले, भातखाचरं रिकामी, काठाला करवंदांच्या जाळ्या. कापडे गावात अनंतराव आणि त्यांची बायको सुमन आमची वाट बघत होते. अनंतराव बरीच वर्षं मुंबईत बग्गी चालवायचे. आता गावी एक पांढरी घोडी सांभाळतात, मैना. ती दात खाते, दाणा अर्धा टाकते, खोगीर आवळलं की चावायला येते, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी उमरठला वरात होती. त्याआधी तिला काय झालंय ते त्यांना कळायला हवं होतं.

"जयभीम मॅडम, या. एकदम रेडी हाय बघा. काल सांजेपासून तिला काय खाऊ दिलं नाय."

"मी फक्त अर्धा तास म्हटलं होतं."

"अर्ध्या तासात काय होतंय? वरातीच्या आदल्या राती दर टाईम आम्ही असंच ठेवतो. मांडवाच्या दारात लीद पडली की नवऱ्याकडचे नाक मुरडतात."

गव्हाण झाडून स्वच्छ केलेली होती. मैना मान खाली घालून दात खात उभी होती. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, मी सांगितलं. पोटात वैरण नसली की ते जठरालाच जाळतं.

"सीझनभर असंच ठेवता?"

"सीझनभर." आवाज खाली गेला होता.

"चाय लेट झाली तर ह्यो घर डोक्यावर घेतो," सुमन म्हणाली, "आन् तिला रातभर उपाशी!"

उद्याची वरात रद्द करा, मी म्हटलं.

"शब्द दिलाय मॅडम. आता ते दुसरी घोडी कुठनं आणतील?"

"मग निदान आज रात्री तिला खाऊ द्या."

"आन् लीद?"

"शेपटीखाली पोतं बांध," सुमन म्हणाली.

"नवरदेवाच्या घोडीला पोतं? आख्खं उमरठ हसंल."

"हसू दे रे. तिचं दुखणं हाय, तुझी इज्जत नाय."

ती घरात गेली आणि पिशवी शिवायला फाटलेली लाल मखमली झूल व कात्री घेऊन आली. अनंतरावांनी कवळाभर पेंढा (भाताचं वाळलेलं काड) आणून गव्हाणीत टाकला. मैनेने तो बराच वेळ हुंगला, मग हळूहळू खायला लागली.

लाळ घेतली नाही. आम्हाला नेहमीच्या दिवसाची हवी होती, उपासाच्या दिवसाची इतर घोड्यांच्या लाळेशी ताडता आली नसती. तालुक्याच्या पशुवैद्यांना फोन करून लक्षणं सांगितली. सोमवारी येऊन औषधाचं बघतो म्हणाले.

"मग झालंय काय तिला?" अनंतरावांनी गाडीपाशी विचारलं.

"आज सांगता येत नाही." इतक्या लांब येऊन त्यांना एवढंच उत्तर देता आलं. लाळ सांगेल तेव्हा सांगेल. झाडलेली गव्हाण आम्ही डोळ्यांनी पाहिली होती.

रविवारी संध्याकाळी फोनवर अनंतरावांचा आवाज आला. "मॅडम, रातभर खाल्लं तिनं. वरातीत लोक हसले. मग बँड वाजला, तसे नाचाय लागले. पिशवीकडं कोण बघतंय." शेवटी म्हणाले, "दात अजून खाते."

महाडच्या दोन नळ्या प्रयोगशाळेत पोचल्या आहेत. डबा दोनदा धुतला तरी मासळीचा वास आहे. मैनेचं नाव लिहिलेली नळी कोरडीच आहे. पावसाने घाट बंद व्हायच्या आत, ती भरल्या पोटी उभी असेल अशा दिवशी, कापड्याला जायचं आहे.