मर्लबाईंच्या खोलीतला प्रिंटर

नेव्हिलरावांचं अकरा वर्षं जपलेलं गुपित त्यांच्या बायकोच्या प्रिंटरमधून बाहेर पडलं, तेही दोन प्रतींत. बटण मी दाबलं होतं.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या आमच्या सफरचंदांच्या गावात मर्लबाई आणि नेव्हिलराव माझे शेजारी. दोघंही सत्तरीपुढची. घर एक, जेवणाचं टेबल एक, पण कॉम्प्युटर दोन. कारण गावच्या प्रदर्शनातल्या लिंबाच्या मार्मलेडच्या स्पर्धेत नवराबायको एकमेकांविरुद्ध उतरतात. अकरा वर्षं पहिल्या नंबरची निळी फीत मर्लबाईंची आणि दुसऱ्या नंबरची लाल नेव्हिलरावांची. नेव्हिलरावांच्या बाटलीच्या चिठ्ठीवर पंच दरवर्षी लिहीत, ‘रंग काळपट.’

इंटरनेटची लाइन मात्र एकच, ती मर्लबाईंच्या खोलीत. प्रिंटरही तिथेच. म्हणून मी पॅसेजमधून वायर टाकून त्यांच्या कॉम्प्युटरमधून नेव्हिलरावांच्या कॉम्प्युटरला दोन्हींचा वाटा दिला आणि चाचणी म्हणून नेव्हिलरावांची एक फाइल छापली. फाइलचं नाव होतं ‘गाडीचा विमा’. आत मार्मलेडची कृती होती आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘सहा चमचे काळी काकवी’.

मर्लबाईंनी फळांच्या शेडमध्ये तीस वर्षं सफरचंदांची प्रतवारी केली. माणसांकडेही त्या तशाच बघतात, डाग कुठे आहे ते शोधत. एक प्रत त्यांनी कुत्र्याच्या वाडग्याखाली घातली. दुसरी पालथी करून तिच्यावर ‘दूध, अंडी, साबण’ लिहिलं आणि ती फ्रिजला लावली.

संध्याकाळी नेव्हिलराव कुंपणाशी आले. “तिनं वाचलं का रे?”

“तुम्हीच विचारा की.”

“विचारलं तर तिला कळेल ना, की वाचण्यासारखं काहीतरी आहे.”

“मग कागद काढून घ्या.”

“यादी का काढली म्हणून विचारलं तर काय सांगू?”

शेवटी त्यांनी सरळ मार्ग धरला. यादीतलं सगळं आणून टाकायचं, म्हणजे कागद आपोआप कचऱ्यात जाईल. पण ते दुकानातून परत येईपर्यंत मर्लबाई खाली आणखी चार ओळी लिहीत. चार दिवसांत घरात सहा डझन अंडी झाली. कागद जागच्या जागी.

मग ते मला म्हणाले, “ती वायर उपट बाबा.”

मी वायरीला हात लावतो न लावतो तोच मर्लबाई दारात. “प्रिंटर जाईल तसं याचं इंटरनेटही जाईल. प्रदर्शनाचा अर्ज इंटरनेटवरच भरायचाय, शुक्रवारी पाचच्या आत. चालेल?”

वायर राहिली. पण शुक्रवारी दुपारी मर्लबाई हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्सचा खेळ खेळायला मैदानावर निघाल्या आणि जाता जाता त्यांनी आपला कॉम्प्युटर बंद केला. तो बंद, म्हणजे नेव्हिलरावांचं इंटरनेटही बंद.

“अगं, चालू राहू दे. अर्ज अर्धा भरलाय.”

“रिकाम्या घरात यंत्र चालू ठेवू?”

“मी आहे ना घरात.”

“तुला धरूनच म्हणतेय.”

कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यांच्याबरोबर मैदानावर गेला. पाचला दहा मिनिटं असताना नेव्हिलरावांनी माझ्या घरी बसून अर्ज भरला आणि तिथेच आपला निर्णय ऐकवला. या वर्षी काकवी बाद.

“आता तीही घालणार बघ. दोघांचं सारखं निघालं तर मी तिची नक्कल केली असंच म्हणतील. गेली अकरा वर्षं पंचांना तो रंग कळला नाही म्हणून दर वर्षी अर्धा चमचा वाढवत आलो, आता संपलं.”

त्यांनी नुसतं लिंबू, साखर आणि पाणी शिजवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बाटलीतून पलीकडचं दिसत होतं.

प्रदर्शनात निळी फीत त्यांच्या बाटलीला लागली. ते बराच वेळ वाकून बाटलीवरचा नंबर आपलाच आहे ना हे तपासत होते, मग पंचांकडे जाऊन चूक झाली नाही ना, असं दोनदा विचारून आले. लाल फीत मर्लबाईंना.

मर्लबाई चहाच्या तंबूत क्रीम लावलेला स्कोन खात बसल्या होत्या. चेहऱ्यावर दुःख शोधून सापडेना.

“मर्लबाई, खरं सांगा,” मी म्हणालो, “तो कागद तुम्ही वाचला होतात ना?”

“कशाला वाचू? अकरा वर्षं त्याचं ते काकवीचं चिकट पातेलं मीच घासतेय.”