दोन पूजा पाटील आणि माझा संताप

स्वतःचं तिकीट काढून, तीन तास एसटीत उभं राहून, भर सभेत स्वतःचीच अब्रू घालवायला गेलेला माणूस पाहिलाय का कधी? नसेल तर बघून घ्या. समोरच बसलाय!

लातूरच्या एका कोचिंग क्लासला मी हजेरीचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. मूल आलं नाही की घरी मेसेज जातो. वर्षभरापूर्वी ते काम नांदेडच्या फरहाना मॅडमकडं गेलं. म्हणजे माझा संबंध संपला. असं आपलं मला वाटायचं.

एका शनिवारी क्लासच्या सरांचा फोन.

"बसवराज, लई घोटाळा झाला. पूजा पाटील रोज पहिल्या बाकावर बसून राहिली, अन् घरी तीन दिवस मेसेज गेला, पोरगी गैरहजर! परवा उदगीरहून बाप आला अन् सामानासकट घेऊन गेला तिला. ऐकूनच घेईना!"

माझं डोकंच फिरलं! डॉक्टर व्हायचं म्हणून घर सोडून आलेली पोर, अन् तिच्यावर खोटेपणाचा शिक्का?

कोड उघडला. पाच मिनिटांत चूक सापडली. मुलं नावावरून ओळखली होती. नावावरून! अहो, लातूरच्या बसस्टँडवर 'पूजा पाटील' अशी हाक मारून बघा, निम्मा फलाट मागं वळतो! क्लासात दोन पूजा होत्या. गैरहजर एक, मेसेज दुसरीच्या घरी.

"ह्या फरहाना मॅडमला आता सोडत न्हाई," मी बायकोला म्हणालो.

"आधी फोन करा की."

"फोन? समोरासमोर!"

दुसऱ्या दिवशी नांदेडला प्रोग्रामर मंडळींची बैठक होती. मॅडम तिथं असणारच. आसपासच्या गावांतली वीसेक जणं महिन्यातून एकदा जमतात अन् एकमेकांचा कोड प्रोजेक्टरनं भिंतीवर लावून चुका काढतात. मी कधीच गेलो नव्हतो. माझ्या चुका काढणारे हे कोण?

दारातूनच सुरू झालो. पूजाची सगळी हकीकत सांगितली अन् बोट रोखलं.

"मुलांना नावावरून कोण ओळखतं हो मॅडम? शिकाऊ पोरगंसुद्धा रोल नंबर घेईल! हे लिहिणाऱ्याला कीबोर्डला हात लावू देऊ नये!"

"अगदी बरोबर," फरहाना मॅडम म्हणाल्या.

मला आणखी चेव चढला. "नुसतं बरोबर काय? नाव लावा त्याचं भिंतीवर!"

"लावू?"

"लावाच!"

कोणती ओळ कोणी लिहिली, याची आमच्या धंद्यात कायमची नोंद राहते. भिंतीवर ती ओळ झळकली. शेजारी नाव: बसवराज. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

आता मॅडमचा आवाज चढला. "सहा महिन्यांपूर्वी आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं मी, सारखी नावं आली तर गोंधळ होईल, बदलू का? नीट न वाचताच 'माझ्या कोडला हात लावायचा न्हाई' असं लिहून ग्रुप कोण सोडून गेलं? क्लासचे सर पण म्हणाले, बसवराज नको म्हणतो तर राहू द्या! आता त्या पोरीच्या बापाला फोन करा. इथंच. सगळ्यांसमोर!"

मी स्पीकर लावून फोन केला. "काका, पूजाची चूक न्हाई. ती वर्गातच होती. सॉफ्टवेअर चुकलं."

"चुकलं? अवं, दोन दिस पोर जेवली न्हाई! चारचौघांत लबाड म्हणलो मी तिला! कोण हाय तो इंजिनिअर? पत्ता द्या त्याचा!"

वीस जणं माझ्याकडं बघत होती. दिला. माझाच.

मंडळींनी मिळून तासाभरात दुरुस्ती केली. मी सहा महिने करू दिली नव्हती, ती!

सोमवारी सकाळी काका आले. पूजाला क्लासला सोडून थेट आमच्या दारात. अर्धा तास जे काही बोलले, ते तुमच्यासमोर उच्चारवत नाही. मी खाली मान घालून उभा.

मधेच बायकोनं चहा आणला. दोन कप. एक काकांना दिला अन् दुसरा स्वतः घेऊन त्यांच्या शेजारी ऐकत बसली.