समुद्राकाठी मांडलेलं पान

“मांडलेलं पान उपाशी राहू नाई.”

वासुदेवराव हे असं म्हणायचे, की जणू ते त्यांनी कुणाकडून ऐकलंच नव्हतं, शेतातल्या गवतासारखं आपोआप उगवून त्यांच्या तोंडी आलं होतं. वणा नदीच्या काठचं आमचं गाव. तिथे लग्न असो की तेरवी, पंगत बसली की वरणाची बादली वासुदेवरावांच्या हातात. पोटासाठी ते एसटीचे ड्रायव्हर. हिंगणघाट-समुद्रपूरची लाल गाडी त्यांनी केस पांढरे होईस्तोवर चालवली. शाळेची पोरं मागून विचारायची, काका, समुद्र कुठं आला? ते म्हणायचे, झोपला हाये, हॉर्न वाजवला का उठन. पण त्यांची खरी ओळख पंगतीतली. पत्रावळ मांडलेली आहे आणि माणूस उठून गेला, हे त्यांना बघवत नसे. त्याला ते गावभर शोधत. नाहीच सापडला तर रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला हात धरून त्या पानावर बसवत आणि आग्रह करकरून जेवू घालत.

साऱ्या गावाला वाढणाऱ्या या माणसानं आपल्या बायकोचं पान मात्र कधी मांडलं नव्हतं. कोकिळाबाई सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी बसून, उरलंसुरलं ताटलीत घेऊन जेवायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, त्यांनाही नाही. मागच्या वर्षी चैत्रात साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. दहाव्याला नदीच्या वाळूत वासुदेवरावांनी हयातीत पहिल्यांदा त्यांचं पान मांडलं. आणि तेच पान उपाशी राहिलं.

कावळे होते. समोरच्या बाभळीवर रांगेनं बसले होते, पण एकही खाली उतरेना. माणसं पुढे होऊन एकेक वचन देऊ लागली. कोकिळाबाईंचा भाऊ म्हणाला, वासुदेवरावांना अंतर देणार नाही. पुतणी रूपाली म्हणाली, काकू, तुमची गाय मी सांभाळीन. कावळे बसलेलेच. तेव्हा सगळ्यांना कळलं ते वासुदेवरावांना आधीच कळलं होतं. बाईचा जीव एकुलत्या एका लेकात होता. विवेक इंग्लंडात एका दवाखान्यात नोकरीला. तिथल्या मुक्कामाच्या परवानगीसाठी त्याचा पासपोर्ट अडकलेला, त्यामुळे त्याला येता आलं नव्हतं. मोबाईलवर त्याचा चेहरा दिसत होता. रूपालीनं तो मोबाईल पिंडासमोर धरला आणि त्याला म्हटलं, दादा, एवढंच म्हण, आई, मी घरी परत येतो. विवेकचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. ऊन चढलं. वाळू तापली. शेवटी कुणीतरी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक आंघोळीला नदीत उतरले.

त्या दिवसापासून वासुदेवरावांनी बादली हातात धरली नाही. बोलावणं आलं तर पंगतीच्या टोकाला मुकाट बसत, दोन घास खाऊन उठत.

दीड वर्षानं भाद्रपदात विवेकनं त्यांना तिकडे नेलं. सून अंकिता शहाणी मुलगी. तिला शनिवार-रविवार कामावर जायचं होतं, म्हणून बापलेकांना तिनंच दोन रात्रींसाठी समुद्रावर पाठवलं. बाबांना समुद्र दाखवून आण, म्हणाली. त्या रविवारी नवमी होती. पितृपक्षातली अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा जेवणाचा दिवस. विवेकला ते ठाऊक नव्हतं. वासुदेवरावांना ठाऊक होतं आणि ते काही बोलले नाहीत. मनाशी एकच धरून ते निघाले होते. नदीवर अडलेला शब्द पोराच्या तोंडून इथं निघाला, तर पान जेवेल, आणि पोरगाही घरी येईल.

हॉटेल म्हणजे समुद्रासमोरचं जुनं, पांढरं, तीन मजल्यांचं घर. फुलाफुलांचा गालिचा घातलेला अरुंद जिना पावलागणिक कुरकुरायचा. मालकीण मिसेस पॉवेल, सत्तरीची, हाडकुळी, ताठ. चहाच्या किटलीला लोकरीची टोपी घातलेली पाहून वासुदेवरावांनी विवेकला विचारलं, इले थंडी वाजते का? विवेक हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या खोलीत मात्र त्याला मान खाली घालावी लागली. खोलीत पाच-सहा टेबलं, सगळीकडे म्हातारी माणसं, आवाज फक्त चमच्यांचा. वाढायला पॉवेलबाई एकटी. कोपऱ्यातली एक आजी रिकाम्या बशीसमोर हात जोडून बसल्यासारखी बसली होती. वासुदेवरावांनी थोडा वेळ पाहिलं आणि ते उठले. भाजलेल्या पावाची तबकडी उचलून त्यांनी आजीला वाढलं, मग शेजारच्या टेबलाला, मग पुढच्या. नको म्हणणाऱ्याला तर दोन वाढले. विवेक दबक्या आवाजात म्हणत होता, बाबा, बसा, इथं असं करत नाहीत. पॉवेलबाई किटली घेऊन दारात उभी राहिली. मग तिनं लोण्याची बशीही त्यांच्या हातात दिली. सगळी खोली हसली. आजी हसली ती रडल्यासारखी. दीड वर्षानं वासुदेवराव वाढत होते.

त्या रात्री जेवणाच्या शेवटी पॉवेलबाईनं वासुदेवरावांपुढे एक वाटी आणून ठेवली. दुधात शिजवलेला भात, वर जायफळ. त्यांनी वास घेतला आणि हात आखडला. विवेकनं सांगितलं, हा इथला गोड पदार्थ आहे, खा.

“हे खीर हाये,” ते म्हणाले. “तुही माय अशीच करे. उद्या नवमी हाये तिची. मी नाई खात, ठेवू दे.”

पॉवेलबाईला वाटलं, पाहुण्याला आवडलं नाही. विवेकनं तिला काय ते सांगितलं. तिनं वाटीवर बशी झाकली आणि ती थंड कपाटात ठेवून दिली.

सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून वासुदेवराव हॉटेलच्या अंगणात गेले. अंगणापुढे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे गोट्यांचा किनारा, आणि मग तो राखाडी समुद्र, अंगावर येणारा आणि मागे सरणारा. पळसाचं पान नव्हतं. कागदी रुमालाची घडी भिंतीवर पसरून त्यांनी त्यावर खीर वाढली, भोवती पाणी फिरवलं. भिंतीवर एक पाटी होती, पाखरांना खाऊ घालू नका. त्यांना ती वाचता येत नव्हती. विवेकला येत होती. तो पाटीकडे पाठ करून उभा राहिला.

धुराड्यावर एक कावळा होता. आपल्याकडच्यासारखाच, जरा जास्त काळा. तो बघत होता, उतरत नव्हता. तेवढ्यात पांढरी पाखरं आली, कोंबडीहून मोठी, पिवळ्या चोचीची. एक भिंतीवर उतरलं आणि खिरीकडे सरकू लागलं. वासुदेवरावांनी हात हलवून त्याला उडवलं. ते पुन्हा आलं. त्यांनी पुन्हा उडवलं. पाखरं ओरडत होती, वारा रुमालाचं टोक उचलत होता, आणि म्हातारा एका हातानं रुमाल दाबून दुसऱ्या हातानं पाखरं हाकत होता.

मग वर बघतच त्यांनी विचारलं, “त्या दिवशी तू काऊन नाई बोलला?”

विवेकनं समुद्राकडे तोंड फिरवलं.

“एक शब्द तर होता,” वासुदेवराव म्हणाले. “आता बोल. तो पाय, कावळा वर बसला हाये. तुही माय उपाशी हाये, बापू.”

विवेक भिंतीपाशी आला. त्यानं हात जोडले. लहानपणी ज्या बोलीत आईशी बोलायचा, त्याच बोलीत बोलला.

“आई, मी परत येणार नाई. आमी इथं घर घेतलं. त्या दिवशीबी मले हे ठावूक होतं, म्हणून तोंड उघडलं नाई. खोटं सांगून तुले जेवू घालू का? बाबाले सोडणार नाई मी. पण गावाले येणार नाई.”

कावळा धुराड्यावरून उडाला. वासुदेवरावांची नजर त्याच्यामागे गेली. तो अंगणावरून, भिंतीवरून, त्या पानावरूनही पुढे गेला आणि दूरच्या कड्याकडे दिसेनासा झाला.

वासुदेवराव पानाकडे बघत राहिले. ते पिवळ्या चोचीचं पाखरू पुन्हा भिंतीवर उतरलं होतं आणि मान वाकडी करून त्यांच्या हाताकडे बघत होतं. त्यांनी हात उचलला. अर्ध्यावरच थांबवला. मग तो हात हळूच खाली आला आणि त्यांनी रुमालाचं टोक धरून खीर पाखराकडे सरकवली, पंगतीत परक्या माणसाला बसवून वाढायचे तशी.

“जेव,” ते म्हणाले. “पोटभर जेव.”

पाखरानं दोन-चार चोचींत सगळं संपवलं. जायफळाचा तपकिरी डाग तेवढा कागदावर राहिला.

विवेकनं बाबांचा हात धरू पाहिला. त्यांनी तो झिडकारला नाही, नुसता सोडवून घेतला. मले गावाले पाठवून दे, एवढंच म्हणाले, तिथं पंगती हायेत माह्या. आणि आपण आता जरा पाण्याला हात लावून परत येतो, तू येऊ नको, असंही म्हणाले.

चपला त्यांनी भिंतीवर ठेवल्या. भिंतीतल्या वाटेनं बाहेर पडून, धोतराचा सोगा हातात धरून ते गोट्यांवरून चालू लागले. तळपायाला गोटे टोचत असतील, पण चाल तीच होती, भरली बादली सांडू न देणाऱ्या माणसाची. नाश्त्याच्या खोलीच्या खिडकीत पॉवेलबाई हातातली किटली विसरून उभी होती. भिंतीपाशी विवेक रिकामी वाटी धरून उभा होता. बाबा मागे वळतील म्हणून तो बघत राहिला.

ते वळले नाहीत.